बेशुद्ध व्हायचं काम

मी डोळे मिटून समुद्रावर पालथी तरंगत होते. स्कूबाच्या बचाव परीक्षेत परीक्षक म्हणून बेशुद्ध व्हायचं काम वीस वर्षं बाबांचं होतं. ते गेले, म्हणून यंदा माझ्याकडे आलं.

बाबांच्या होडीवरचे बाबलकाका दोनदा नापास झाले होते; ही शेवटची संधी. त्यांनी मला उताणं केलं, मास्क काढला, कमरेचा वजनपट्टा सोडला. "बापाशीपेक्षा जड आसस गो!"

बेशुद्धाने हसायचं नसतं. मी ओठ दाबले.

मला ओढत नेताना मात्र ते परीक्षाच विसरले. "घाबरू नको गो चेडवा, मी आसंय."

बाबा गेल्यापासून असं कुणी म्हटलं नव्हतं. मी अंग सैल सोडलं.

होडीपाशी पोचताच त्यांनी विचारलं, "पास झालंय मा मी?"

"झालात काका," मी म्हणाले. "पण मला आणखी एकदा वाचवा."