कुंपणातली येळवस

वेळ अमावस्येला, म्हणजे येळवशीला, उदगीरकडच्या गावांत चिटपाखरू सापडत नाही. सगळं गाव शिवारात असतं, भज्जी-आंबिलीवर आडवा हात मारत. रुक्मिणबाईही डोक्यावर टोपलं आणि कमरेवर आंबिलीने भरलेली बिंदगी घेऊन आपल्या रानात आली. रानाला आता तारेचं कुंपण होतं. सोलरवाल्यांनी एकोणतीस वर्षांच्या करारावर ते रान घेतलं होतं आणि तिच्याच लेकाला, दयानंदला, फाटकावर राखणीला ठेवलं होतं.

"माय, घरी सांगितलं न्हवं तुला? आत कुणालाच सोडायचं न्हाई म्हणतेत."

"म्या कुणी हाय का? पांडवाला निवद दाखविते, रानात आंबील शिंपडते, अन जाते. येळवस कधी चुकली न्हाई माझी."

येळवशीला मायला परत पाठवायचं त्याच्या जिवावर आलं. त्याने कुलूप काढलं.

आत नुसत्या निळ्याकाळ्या काचा, रांगेमागून रांग. रुक्मिणबाई लिंब शोधू लागली. त्या लिंबाखाली चुना लावलेले पाच दगड होते, तेच तिचे पांडव.

"लिंब कुठाय रं?"

"तोडला. काचावर सावली पडायली व्हती."

"अन पांडव?"

दयानंदने एका रांगेकडे बोट केलं. मग दुसरीकडे. मग हात खाली घेतला. "इथंच कुठं तरी असतील, माय."

उभा जन्म या रानात गेला होता. अंधारातसुद्धा तिने कधी बांध चुकवला नव्हता. आज भर दुपारी तिला आपलं रान ओळखू येईना. शेवटी समोर दिसली त्या काचेखाली, खडीवरच तिने निवद ठेवला आणि हात जोडले. घरून आणलेला डहाळा बिंदगीत बुडवला आणि 'ओलगे, ओलगे' असा येळवशीचा पुकारा करत ती शिंपडत निघाली.

पांढरे थेंब काचांवर उडाले. पाखराची घाण पडून वीज घटली तरी दयानंदला सोलरवाल्यांच्या लातूरच्या हापिसातून फोन येई. त्याने खिशातलं फडकं काढलं आणि मागोमाग पुसत चालला. स्वतःची लाज वाटत होती, पण हात थांबत नव्हता.

रांगेच्या टोकाला पोचून रुक्मिणबाई मागे वळली. सगळ्या काचा लख्ख होत्या.

ती जवळच्या काचेवर वाकली. मग हळूच म्हणाली, "दयानंदा, शिंपडलं न्हवं रं म्या?"

त्याने फडकं पाठीमागे धरलं.

"शिंपडलंस की, माय."

फडक्यातून आंबील खडीवर ठिबकत होती.