गोड पाण्याचं गाव

एका बाईचं हसू. पाच हिरवी पानं. बिनमिठाची पेज. दहा हजार लिटर पाणी.

पाणी टँकरमध्ये होतं आणि टँकर गावाच्या फाटकाबाहेर अडकला होता. शेवंती मेतर अनवाणीच धावत आली.

"वयनी, फाटक उघडणा नाय," ड्रायव्हर इस्माईल म्हणाला. "ह्या गावाक टँकर लागणा नाय म्हणता."

"कोण म्हणता?"

"तुमीच! बघा."

फाटकाच्या पडद्यावर गावाची वेबसाईट झळकत होती. निसर्ग जपणारा किनारा म्हणून मिळालेली पाच हिरवी पानं, आणि त्याखाली खुद्द शेवंतीचा चेहरा पर्यटकांना हसून सांगत होता, "आमच्या विहिरीचं पाणी गोड. बाहेरून थेंबही आणत नाही." वेबसाईटशी न जुळणारं काहीही फाटक आत सोडत नसे.

"खोटा!" शेवंती ओरडली. "विहीर खारट झाली. डॉक्टरान माज्या घोवाचा मीठ बंद केल्यान, पेजपण बिनमिठाची. तो काय पितलो?"

"माहिती बदलण्यासाठी ओळख पटवा," पडदा नम्रपणे म्हणाला. "चेहरा जुळत नाही. कृपया हसा."

इस्माईलने नजर वळवली. शेवंती दात आवळून हसली.

"धन्यवाद, शेवंतीताई. तुम्ही समाधानी दिसता. माहिती कायम ठेवली आहे."

तिने रस्त्याकडेचा चिरा दोन्ही हातांनी उचलला.

"वयनी, कॅमेरो आसा!"

"आसांदे. ह्या पण दाखव म्हणा पावण्यांक!" आणि तिने चिरा त्या हसऱ्या तोंडावर घातला.

तिचा व्हिडिओ काढला त्या दिवशी विहीर खरोखरच गोड होती. शेजारच्या रिसॉर्टने पहिली बोअर मारली ती त्यानंतरच्या सोमवारी.