साबणाचा थेंब

"घासू नको, नुसता फिरव," बंटी म्हणाला. "वाळला की मलमलनं पूस. पाणी अजिबात लावायचं न्हाई."

गोरखनं खेळायच्या नव्या चष्म्यावर साबणाचा थेंब फिरवला. जुन्नरच्या थंडीत विकेटमागं वाकलं, की श्वासानं काचांवर वाफ धरायची. त्यावर बंटीच्या वडिलांचा, चष्मेवाल्या पुनमचंदशेठचा, हा उपाय.

"तूच लाव. हात बसू दे," बंटी रोज म्हणायचा. स्वतः मात्र सरावाला जुनाच चष्मा घालायचा. नवा मॅचसाठी राखलेला.

गोरखला ते झोंबायचं. संघात किपर दोन, जागा एक, आणि ती बंटीची. लग्न एकाचं, वाढपी दुसरा! दुकानात डोळे तपासायचं मशीन आलं, तेव्हाही शेठनं आधी गोरखलाच समोर बसवलं होतं. चाचणीला फुकटचा माणूस.

"लेण्याद्रीच्या पायऱ्या दिसत्यात का रं?" बंटीनं एकदा मैदानातून विचारलं होतं.

"एवढ्या धुक्यात कशा दिसतील?" गोरख म्हणाला होता. बंटीनं एकदा डोंगराकडं पाहिलं, एकदा त्याच्याकडं.

रविवारी पुण्याहून निवड करणारे आले. निवड झाली तर वर्षभर पुण्यात राहून शिकायला मिळणार होतं. गोरख पुढच्या वर्षी वयात बसणार नव्हता. मग आहेच आंबेगावच्या डोंगरातली भातलावणी.

बंटीनं चष्मा आणि साबणाची बाटली त्याच्या हातात दिली. "लाव. मी सरांना भेटून येतो."

गोरखनं साबण लावला, वाळवला, पुसला. मग इकडंतिकडं पाहिलं, नळ सोडला आणि काचा खळखळून धुतल्या. उरलेला साबण मातीत ओतला. दोन-चार ओव्हरांत बंटीला काही दिसेनासं होणार आणि सर आपल्याला बोलावणार. स्वतःची लाज वाटत होती. तरी त्यानं काचा शर्टाला पुसून लख्ख केल्या.

बंटी परत आला. त्यानं किपिंगचे ग्लोव्हज गोरखपुढं धरले.

"आज तू उभा राहा. मी स्लिपला थांबतो. सरांनी हो म्हटलंय."

"आन् तू?"

"मला पुढच्या वर्षी येतंय की." पंचांनी हाक मारली तसा बंटी घाईनं म्हणाला, "चष्मा घाल लवकर. आधी सांगितलं असतं तर तू घेतला नसतास. पप्पांनी त्या दिवशी मशीनवर तुझाच नंबर काढला व्हता."