वाळकंच घ्यायचं

"थांब, उतरवू नको. वाळकंच हाय ना?" मोतीबाईनं जनाच्या डोक्यावरच्या मोळीतली एक काटकी ओढून मोडून पाहिली. कडकन मोडली.

जना कोंडाण्याच्या वरच्या वाडीतली. रॉकेल मिळेनासं झाल्यापासून भिसेगावातल्या मोतीबाईच्या आळीच्या चुली तिच्या मोळ्यांवरच पेटत होत्या. मोतीबाईनं मात्र ओल्या लाकडाची धास्ती घेतली होती. कोंडाणं तिचं माहेर. पावसापर्यंत पुरणारा तिथला झरा दोन वर्षांपूर्वी शिमग्यालाच आटला, आणि भाऊ सहदेव तिला तोंडावर म्हणाला, "वरचं रान तुटलं. आमचा झरा तुमच्या चुलीत गेला, बाय."

तेव्हापासून तिला घास गोड लागेना. तिनं घरोघर फिरून बायकांना बजावलं, ओलं लाकूड दारात घ्यायचं नाही. आपोआप पडलेलं, वाळलेलं, तेवढंच घ्यायचं. बायकांनी नाकं मुरडली, पण ऐकलं. मोतीबाईच्या तोंडाला लागणार कोण?

काटक्यांच्या आतली आजची लाकडं मात्र चांगली जाडजूड होती. सरळ, फोडलेली. वाऱ्यानं पडलेल्या फांद्या अशा कुठं असतात?

"एवढं वाळकं तुला मिळतं तरी कुठं गं?"

जना हसली. "मिळतं कुठलं? करावं लागतं. तुमी समद्या वाळकंच मागता. पडलेलं तर कवाच सरलं. मंग आमी उभ्या झाडाची साल गोल सोलून ठिवतो. पानं गळतात, झाड उभ्या उभ्या वाळतं. मंग तोडायचं."

"कुठली झाडं?"

"झऱ्यावरची. थितं मोठाली हायेत ना. फुडल्या वर्सासाठी बी सोलून ठिवलीत. तुमच्या आळीला कमी नाय पडायचं, काळजी नका करू."

मोतीबाई उंबऱ्यावर बसली. सहदेव येत्या सणाला येणार होता. त्याला काय सांगायचं? आपण सांगितलं म्हणून झालं, हे सांगायचं?

"सोलू नको गं," ती कशीबशी म्हणाली. "वाळकं नको आणू आता."

मोळीखाली जनाची मान अवघडली होती. तिनं चुंबळ जरा सरकवली आणि अगदी मनापासून विचारलं,

"मंग वलं आणू?"