नागलोकाची कादंबरी

बाबांची दृष्टी गेल्यापासून रोज दुपारी मी त्यांना कादंबरी वाचून दाखवते. सध्या नागलोकाची चालू आहे. भीतीची जागा आली की ते माझा हात घट्ट धरतात, राजकन्या निसटली की खुदकन हसतात.

काल वाचता वाचता घशाला कोरड पडली. पानात बोट घालून, पुस्तक हातात घेऊनच मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले.

“अरे बापरे! मग गं?” खोलीतून बाबांचा आवाज आला. पाठोपाठ हसू.

मी दाराशी आले. माझ्या रिकाम्या खुर्चीकडे कान देऊन ते तल्लीन झाले होते. कुणाचा तरी हात धरावा तशी त्यांची मूठ मिटली होती.

“बाबा?”

ते दचकले. खुर्चीकडे झुकून कुजबुजले, “थांब बेटा. दारातून कुणीतरी तुझ्या आवाजात हाक मारतंय.”