पोह्यातला कांदा

घोटीच्या स्थळाकडून नकार आला, तेव्हापासून पुतळाबाईंच्या मनाला तो कांदा खुपत होता. पाहुण्यांसमोर एकीलाच वेगळे पोहे कसे द्यायचे, म्हणून त्यांनी लेकीच्या, प्रतिभाच्या बशीतही कांद्याचेच पोहे वाढले आणि पोरगी सगळ्यांदेखत कांदा वेचून बशीच्या कडेला लावत बसली.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तिचं आजारानं खराब झालेलं मोठं आतडं काढलं आणि लहान आतड्याचीच आत एक पिशवी करून दिली. तेव्हापासून कांदा, शेंगदाणे, तिखट बंद. मऊ भात, केळं, ताक चालू. एवढं पथ्य सांभाळलं आणि संडास जवळ असला, की पोरगी ठणठणीत. पण आतडं, संडास असलं चार बायकांत बोलायचं कसं? मखमलाबादेत कुणी विचारलंच, तर पुतळाबाई पदर सावरून डॉक्टरांचाच शब्द सांगत, "पिशवीचं ऑपरेशन झालंय तिचं." बायका हळहळत आणि पुढचं काही विचारत नसत.

शेवटी न राहवून त्यांनी स्थळ आणणाऱ्या अंबूबाईंना गाठलं. "माझंच चुकलं हो. तिच्या पोह्यात मी कांदा घालायलाच नको होता."

"कांद्याचं काय घेऊन बसलीस, पुतळा? पोराच्या लय मनात होती ती."

 

"मग नकार कशाला आला?" पुतळाबाईंनी विचारलं.

"पण पिशवी काढलेल्या पोरीला लेकरू कसं व्हायचं? आणि हे गावभर सांगितलं कुणी, तर तिच्या सख्ख्या आईनं!"