वाक्य पुरं करू नकोस

"ओ... ओप..." तिने सुरुवात केली.

"ओढाताण नको म्हणतेय," दादा डॉक्टरांना म्हणाला. "बघा, तिलाही पटलंय. आम्ही बाबांना घरी नेतो."

तिला म्हणायचं होतं, ऑपरेशन करा. जन्मापासून तिची जीभ जड. शब्द यायचे, पण रडतखडत, आणि ते ओठांवर पोचायच्या आत कुणीतरी तिचं वाक्य पुरं करून मोकळं व्हायचं. बहुतेक वेळा बाबाच. शाळेत, दुकानात, दवाखान्यात, कुणी तिला काही विचारलं रे विचारलं की ते मध्ये घुसायचे. "तिला काय कळतंय? मला विचारा." ताप तिला, आणि कुठे दुखतंय ते सांगणार बाबा.

आता तेच बाबा खाटेवर ओंडक्यासारखे पडले होते. मेंदूत रक्त साकळलेलं. हातपाय गेले, जीभ गेली, घशात नुसती घरघर. उरले होते दोन डोळे. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, ऑपरेशन करायचं तर आजच. वाचतीलच असं नाही. नसेल करायचं तर घरी न्या. घरी न्या म्हणजे काय, हे न कळायला तिथे कुणी कुक्कुलं बाळ नव्हतं.

दादा काही दगड नव्हता. बाहेरच्या बाकड्यावर बसून बसून त्याचे डोळे लाल झाले होते. त्याला हे एकदाचं संपायला हवं होतं. दमलेला माणूस दुसऱ्याच्या जिवाचा निर्णय फार चटकन घेतो.

"पेशंटला विचारलंत का?" नर्सने हळूच विचारलं.

"त्यांना काय कळतंय?" दादा खेकसला. "मला विचारा."

बाबांचे डोळे गर्रकन दादाकडे वळले. ती नजर तिने ओळखली. जन्मभर ती तिची स्वतःची होती.

तिने पिशवीतून पुठ्ठा काढला. मोठ्या अक्षरांचा, कडा झिजलेला. शहराच्या दुसऱ्या टोकाला लकवा झालेल्यांचं एक केंद्र होतं. तिथे ती काही वर्षं बिनपगारी काम करत होती. "फुकटची हमाली," बाबा म्हणायचे. "जिला स्वतःला बोलता येत नाही, ती दुसऱ्यांना काय बोलायला लावणार?" पहिल्या दिवशी ती संडासात कडी लावून रडली होती. मग ध्यानात आलं, इथे आपल्याला कुणी हसत नाही. हसायलाही तोंड सरळ लागतं. तिथे तिला हा पुठ्ठा चालवता आला. ओळीवर बोट ठेवायचं, हवी ती ओळ आली की माणूस डोळे मिटतो. मग अक्षर, मग काना, वेलांटी. आणि त्याहून अवघड गोष्ट तिला आली. समोरच्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. जीव गेला तरी नाही. धडधाकट माणसं हटकून तिथेच नापास व्हायची. आता नवीन येणाऱ्यांना तीच शिकवायची, आणि ते तिचं बोलणं संपेपर्यंत थांबायचे.

"सि... सिस्टर, तुम्ही लि... लिहा."

"अगं बाई, ही शाळा आहे का? लोकांचा वेळ..."

"थां... थांब."

दादा थांबला. हा शब्द तिच्या तोंडून त्याने कधी ऐकलाच नव्हता.

डॉक्टर वाकले. "काका, ऑपरेशन करायचं, की घरी जायचं?"

तिचं बोट ओळीओळीने खाली सरकत गेलं. हात थरथरत होता. तो नेहमीच थरथरतो, आज जरा जास्त. बाबांचे डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. नर्सने हातमोज्यांच्या खोक्यावर लिहिलं, 'ति'.

"तिकडे!" दादा ओरडला. "तिकडे म्हणजे घरी. झालं ना समाधान? घरी न्या म्हणतायत."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. तिने खोक्यावरचं अक्षर पाहिलं. खरंच तेच असलं तर? एक ओळ चुकवली तर? बोट जरासं सरकवलं, भलत्या अक्षरावर नेलं, तर कोण काय बोलणार? तिचा हात थरथरतो, हे तर सगळ्यांना ठाऊक. बाबा वाचतील. निदान आज तरी मरणार नाहीत.

तिने मनगट दुसऱ्या हाताने घट्ट धरलं.

"वा... वाक्य पु... पुरं करू नकोस," ती दादाला म्हणाली. स्वतःलाही.

आणि बोट पुन्हा पहिल्या ओळीवर ठेवून ती वाट बघू लागली.

बाबांच्या डोळ्यांतून पाणी निघून कानाकडे ओघळत होतं, पण मिटायचे तिथे ते डोळे बरोबर मिटत होते. कितीतरी वेळ. दादा भिंतीला टेकून खाली बसला. शेवटी बाबांनी डोळे मिटले ते उघडलेच नाहीत, तेव्हा ती घाबरून त्यांच्यावर वाकली. श्वास चालू होता. त्यांचं बोलून झालं होतं.

नर्सने खोकं उजेडाकडे धरलं आणि वाचलं,

"तिला विचारा."